खिडकीसमोरचा कांचन

डोंबिवली,
१५ सप्टेंबर २०२५

ती. हरिहरदादास मालनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर ह्यांना सगळं ऐकू जातं, म्हणून लिहितेय. झटका येऊन पाच महिने झाले. वाचा गेली ती गेलीच, डावा हात तेवढा हलतो. दिवसभर खिडकीतून तू दिलेल्या कांचनाकडे बघत पडलेले असतात. सहा वर्षं ह्यांनीच त्याला बादल्या वाहिल्या, पण एक फूल नाही. दर दसऱ्याला सोसायटीवाले आपटा समजून फांद्या ओरबाडतात ना!

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर कठीण. फाल्गुनात एकदा तरी फुललेला दिसू दे रे ह्यांना. काय करू?

वहिनीला नमस्कार.
तुझी मालन

शहाड,
२१ सप्टेंबर

चि. सौ. मालन हिस अनेक आशीर्वाद.

अगं, आपट्याचं पान केवढंसं, कांचनाचं तळहाताएवढं! एवढंही कळत नाही त्या शहाण्यांना? छाटणी नको, खत नको, फक्त दसऱ्याला कोणाचा हात लागू देऊ नकोस. पाटी लाव. माझ्या प्रफुल्लबरोबर खऱ्या आपट्याची गोणी पाठवतो, ती गेटवर ठेव. फुकट मिळाल्यावर झाडावर कोण चढतंय?

भावोजींना सांग, फाल्गुनात फुलं बघायला आणि पुरणपोळी हाणायला येतोय.

तुझा दादा

डोंबिवली,
४ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न.

गोणी नऊ वाजताच संपली. मग सोसायटीवाले पाटीवर पाय देऊन झाडावर चढले. मी धावले, ओरडले, तर म्हणाले, काकी, सणासुदीचं काय बोलता, पानंच तर आहेत, परत येतील. वरून ह्यांचा नुसता घुमणारा आवाज येत होता. त्यांना वाटलं, काका शुभेच्छा देतायत. हात हलवले रे त्यांनी!

संध्याकाळी सगळे घरी आले. त्याच झाडाची पानं ह्यांच्या डाव्या हातात ठेवून, सोन्यासारखे राहा म्हणाले, पाया पडले. वाईट कोणीच नाही, दादा, म्हणून भांडताही येत नाही. मी सगळ्यांना पेढे दिले.

ह्यांनी मूठ सोडलीच नाही. काल सकाळी ती पानं माझ्या हातात कोंबली आणि खिडकीकडे बोट केलं. परत लाव म्हणतात. कशी लावू? खाली जाऊन बुंध्याशी ठेवली. वर आले तर हे झाडाकडेच बघत होते, लागली का म्हणून.

माया आहेच तुझी. पण फाल्गुनाची वाट बघू नकोस, आधीच ये.

मालन