तुमच्या हातचा टाका

अप्पा, तुमच्या पांढऱ्या व्हॅनचा पाइप मी मागच्या आठवड्यात काढून टाकला. आधीच सांगून मोकळी होते, कारण लांबण लावलेली तुम्हाला कधी खपली नाही. गिऱ्हाईक गाडीची रामकहाणी सांगायला लागलं की तुम्ही बॉनेट उघडून आत डोकं घालायचात आणि ते बिचारं तुमच्या पाठीशी बोलत राहायचं. आता मात्र तुम्हाला बॉनेट नाही आणि मला घाई नाही, तेव्हा ऐकून घ्या. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी धड दोन वाक्यं बोलले नाही. दसऱ्याला पान्यांना हळदकुंकू वाहताना फोटोकडे बघते, तेवढंच.

जिंतूर रोडवरचं आपलं शेड अजून आहे. अर्धं टायरवाल्याला दिलंय आणि अर्ध्यात माझं पीयूसी केंद्र. एक टेबल, एक संगणक, धूर तपासायचं मशीन आणि त्याची लांब नळी. सकाळी दहापासून गाड्यांच्या ढुंगणात नळी घालायची, 'रेस द्या, आता सोडा' म्हणायचं, नंबर प्लेटचा फोटो काढायचा आणि कागद हातात द्यायचा. बीएस्सी केलेल्या लेकीचं हे काम आहे बघा. संध्याकाळपर्यंत घसा असा खरवडून निघतो की घरी गेल्यावर आईशी बोलायचाही कंटाळा येतो. लोकही एकेक. 'ताई, गाडी शेतात हाय, नंबर सांगतो, कागद देऊन टाका की.' मी नाही म्हटलं की पुढच्या चौकात जातात आणि दहा मिनिटांनी तोच कागद मला दाखवून हॉर्न वाजवत जातात. राग यायचा पूर्वी. आता रागाचाही कंटाळा आलाय.

तुमची व्हॅन मीच चालवत होते. तिचा पाइप तुम्ही कापला तो दिवस मला लख्ख आठवतो, आणि त्याचा आदला दिवस तर जास्तच. आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता आणि नांदेडच्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती. आई पुढे बसलीय, मांडीवर डबा, कपाळाला ताजी विभूती. मी मागे. पूर्णा ओलांडली आणि गाडी ओढेना. तुम्ही रेस देताय, गाडी नुसती घुरघुरतेय. सायकलवाले आपल्याला मागे टाकून जाताहेत. तुम्ही तीनदा खाली उतरलात, तीनदा बसलात, आणि चौथ्यांदा उतरून गाडीला अशी लाथ मारलीत की आई म्हणाली, "शिव शिव, मुक्या जिनसाला कशाला मारायलाव?" आपण पोचलो तेव्हा डॉक्टर ऑपरेशनला आत गेलेले. पुढची वेळ दीड महिन्यानं मिळाली. तेवढ्यानं डोळे गेले असं कुणी म्हणणार नाही, डॉक्टरही नाही म्हणाले. पण तुमच्या मनातून ते गेलं नाही हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधीच तुम्ही व्हॅन खड्ड्यावर घेतली. पाइप धरायला तुमचा थोरला शागीर्द, ज्याला मी चाचा म्हणते. सायलेंसरच्या अलीकडचा डबा कापून तुम्ही बाहेर काढला आणि आतली जाळी मला दाखवलीत. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं, आणि सगळी काजळीनं बुजलेली. "बग, हिनं गाडीचा गळा दाबला होता," तुम्ही म्हणालात. तेव्हा पेट्रोलात रॉकेल मिसळलेलं असायचं, जाळ्या बुजायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मी नुकतीच कॉलेजातून आलेली, जिभेला हाड नाही. म्हटलं, "अप्पा, ती जाळी धूर साफ करायला असते. नवी बसवा, काढून टाकू नका." तुम्ही वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवलात. "पुस्तकातलं मला शिकवायलीस का? उद्या गाडी चढाला थांबली तर तुजं पुस्तक येऊन ढकलणार हाय का? तुज्या मायचे डोळे चाललेत आन् तू मला धूर सांगायलीस!" सगळ्या गॅरेजसमोर. चाचांनी मान खाली घातली. मी घरी येऊन जेवले नाही.

तुम्ही तिथे वेल्डिंगचे टाके मारून सरळ पाइप जोडलात आणि मागे जुन्या जीपचा सायलेंसर लावलात. तेव्हापासून आपल्या व्हॅनचा आवाज गावात एकच. भद्-भद्-भद्, आणि रेस सोडली की एक उसासा. आईची नजर पुढे गेलीच. आता उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पण गाडी पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर वळली की तिला आवाज यायचा आणि ती चहाचं आधण ठेवायची. तुमच्या वेळी ठेवायची, तुमच्यामागे माझ्यासाठी ठेवायला लागली. मी चपला काढेपर्यंत चहा उकळलेला. तुम्ही गेल्यावर भावकीतले म्हणाले, जुनं खटारं विकून टाका. तेव्हा आई एवढंच बोलली, "राहू द्या. तेवढा आवाज तर येतो घरात."

आता खरी गोष्ट ऐका. त्या गाडीला पीयूसी मीच देत होते. नंबर प्लेटचा फोटो तिचा, आणि नळी मात्र टायरवाल्याच्या नव्या कोऱ्या गाडीत. दर वेळी. जगाला नाही म्हणायचं आणि घरच्या गाडीला गुपचूप हो. तुमची व्हॅन माझ्या मशीनवर कधीच पास झाली नसती, आणि नवी जाळी बसवायची म्हणजे तुमचा पाइप, तुमचे टाके, आईचा आवाज सगळंच भंगारात. मी म्हणायचे, एका गाडीनं कितीसा धूर होतो? अप्पा, हे वाक्य माझ्याकडे दिवसातून दहा जण म्हणतात आणि मी दहाही जणांना परत पाठवते.

मग ती बैठक आली. वाहतुकीच्या साहेबांनी शहरातले सगळे गॅरेजवाले आणि पीयूसीवाले बोलावले होते. भिंतीशी जप्त केलेले सायलेंसर रचून ठेवलेले, बुलेटला लावून फटाके फोडतात ना, तसले. साहेब म्हणाले, यापुढे सायलेंसर बदलणारा आणि जाळी कापणारा दोघांवरही कारवाई होईल, सगळ्यांनी लेखी हमी द्या. झालं, मधमाश्यांच्या मोहोळावर दगड. एक तरणा गॅरेजवाला उठला, "सायब, पोरं सायलेंसर मोबाइलवरून मागवतेत. आमी निस्ते दोन नट आवळतोत. नट आवळला म्हणून आमी गुन्हेगार का?" त्यावर दवाखान्याच्या गल्लीतले एक निवृत्त हेडमास्तर ताडकन उभे, "तुमचे ते दोन नट आमच्या दारावरून जातात तेव्हा माझ्या आजारी बायकोला मी उशी कानावर धरायला लावतो. कळलं?" पालमचा एक जीपवाला म्हणाला, "जाळी चोक झाली की गाडी वढत न्हाई. नवी येईस्तवर गाडी उभी. तवर आमी काय करायचं? नियम करणाराला जीपमधी बसवा अन् चढावर आना एकदा." अप्पा, मला क्षणभर तुम्हीच बोलताय असं वाटलं. साहेब म्हणाले, नियम मी केलेला नाही, मला फक्त राबवायचाय. मागून कुणीतरी म्हणालं, "नियम जुनाच हाय सायब, राबवनं नवं हाय." सगळे हसले, साहेबही.

तेवढ्यात तो तरणा पुन्हा बोलला, "अन् ह्या पीयूसीवाल्यांचं काय? फोटो धाडला की कागद येतो. आमीच तेवढे चोर." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण त्या खोलीत बाई मी एकटी. माझं डोकं फिरलं. बारा वर्षं तो धूर गिळून हे ऐकायचं? मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या केंद्रावर नळी घातल्याशिवाय आजवर एकही कागद निघालेला नाही. जाळी कापलेली गाडी माझ्याकडून पास होत नाही. आणि साहेब, नियम बरोबर आहे. आपली अडचण खरी असली तरी धूर दुसऱ्याच्याच नाकात जातो." हेडमास्तर म्हणाले, "शाब्बास!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत चाचा बसले होते. आता दाढी पांढरी झालीय त्यांची, गॅरेजवाल्यांचे पुढारी आहेत. त्यांनी वळून माझ्याकडे एकदा बघितलं. तुमची व्हॅन बाहेर गेटपाशीच उभी होती. पाइप कापताना धरणारा माणूस माझ्यासमोर होता. त्यांनी 'बेटी, तुझी गाडी बाहेर हाय' एवढं म्हटलं असतं तरी माझी अब्रू तिथेच वेशीला टांगली गेली असती. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "सायब, बाई बोलली ते लिहून घ्या. आमी सही करतोत." पहिली सही त्यांनी केली. माझी पाळी आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सही केली, पण गाडीत बसून चावी फिरवायचं धाडस होईना. सगळे गेल्यावर मी तिथून निघाले, भद्-भद् करत.

चार दिवस मी स्वतःशी भांडले. पाचव्या दिवशी व्हॅन चाचांच्या गॅरेजवर नेली. त्यांनी गाडी वर उचलली, खाली गेले आणि कापडानं पाइप पुसला. मग मला बोलावलं आणि जोडावरून बोट फिरवत म्हणाले, "ये उस्ताद का टाका है. देख, एक दाना ऊपर-नीचे नहीं. अब के लड़कों को ऐसा नहीं आता." मी म्हटलं, काढा. "बेटी, सोच ले. काटूं?" मी म्हटलं, काढा चाचा. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मला रडू आलं, आणि मग त्यांनी नाही विचारलं. कापताना त्यांनी टाक्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून कापलं, म्हणजे तुमच्या हाताचं काम अख्खं राहील. वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. गरम होतं अजून.

नवी जाळी बसवण्याआधी मी ती हातात घेऊन बघत बसले. तुम्हाला आठवतं का, त्या भांडणानंतर तीन दिवसांनी तुम्ही जुन्या जाळीचा तुकडा घरी आणला होतात? मी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होते. तुम्ही तो तुकडा सुपाशेजारी ठेवलात आणि जमिनीकडे बघत म्हणालात, "ह्याच्यातून काय व्हतं म्हणलीस?" चार लोकांसमोर ओरडलेला बाप माफी मागायला आला होता, हे आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "पुस्तकात बघा." तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, मला माहीत होतं. तुम्ही तुकडा उचललात आणि बाहेर गेलात. पुन्हा कधी विचारलं नाही.

तर आज सांगते, अप्पा. इंजिनातून अर्धवट जळालेला विषारी धूर निघतो. ह्या बारीक भोकांना आतून एका धातूचा पातळ लेप असतो. गरम झाल्यावर त्या लेपाला लागून तो धूर पुरता जळतो आणि विष कमी होऊन बाहेर पडतो. बस, एवढंच आहे. सांगायला मला दोन मिनिटंही लागली नसती. ज्वारी निवडता निवडता झालं असतं.

गाडी आता मऊ चालते. मशीनमध्ये खरी नळी घालून खरा कागद काढला, पहिल्यांदा. तो कागद आणि तुमचा टाका, दोन्ही टेबलाच्या खणात आहेत, आणि हे पत्रही तिथेच पडेल, कारण पाठवायचं कुठे? पण एक राहिलं. त्या दिवशी मी घरी आले तर आई दाराशी बसलेली, चूल थंड. माझ्या चपलांचा आवाज ऐकून दचकली. "आवाज न्हाई आला गाडीचा. पायी आलीस का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, पायीच आले." बैठकीत सगळ्यांना नियम शिकवणारी मी, आईला एवढं सांगू शकले नाही की तो आवाज मीच काढून आले. तेव्हापासून रोज गाडी गिरणीपाशी लावते आणि तिथून चालत घरी जाते, म्हणजे निदान तेवढं तरी खरं राहतं. चहा मीच ठेवते. काल आई माझे पाय चेपायला बसली. म्हणाली, "किती दिवस अशी पायी हिंडशील? चाचाला सांग, गाडी नीट करून दे म्हणावं." मी म्हटलं, सांगते.