डोळ्यांना पट्टी बांधून धुराड्यावर चढण्यापूर्वीची निरवानिरव

मी, तोमेकिची हिराओका, वय त्रेपन्न, धंदा सार्वजनिक स्नानगृह चालवणे, राहणार कुरे बंदर, डोंगराकडची चढण, असे लिहून ठेवतो की, आज रोजी माझी बुद्धी शाबूत आहे, प्रकृती ठणठणीत आहे आणि मला मरण्याची बिलकूल इच्छा नाही. परंतु उद्या सकाळी मी माझ्याच स्नानगृहाच्या धुराड्यावर डोळ्यांना पट्टी बांधून चढणार असल्याने ही व्यवस्था आजच केलेली बरी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पोलीसठाण्याचा आहे, पण तो धुराड्यापुरताच.

कारण नमूद करतो. चांगला कोळसा हल्ली सगळा समोर जातो. समोर म्हणजे बंदरात, जिथे दोरखंडांचे टेकडीएवढे पडदे टांगले आहेत आणि त्यांच्यामागे काहीही चाललेले नाही. काही चाललेले नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आगगाडी इथून जाते तेव्हा समुद्राकडच्या खिडक्या बंद करतात, त्याही प्रवाशांना ते काही नसलेले दिसू नये म्हणूनच. मला जाळायला उरला लाकडाचा भुसा. त्याने धुराडे तुंबले आणि काजळी अधिकाऱ्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या गणवेशांवर पडू लागली. हुकूम आला, धुराडे ताबडतोब साफ करा. मागोमाग दुसरा आला, धुराड्यावर कोणी चढू नये, वरून समोरचे दिसते. ओबाता हवालदारांनी दोन्ही हुकूम शेजारी शेजारी मांडले, चहा प्यायला आणि तोडगा काढला: घरच्याच माणसाने चढावे, आणि पट्टी बांधून चढावे.

"आणि पडलो तर?" मी विचारले.

"पडताना पट्टी सुटू देऊ नका," ते म्हणाले.

कलम पहिले. स्नानगृह, तिन्ही हौदांसह, माझी एकुलती एक मुलगी इतोए हिला मिळावे. हौदांची हकीकत तिने ध्यानात ठेवावी. पहिला माझ्या वडिलांनी चीनशी पहिली लढाई झाली तेव्हा बांधला, दुसरा रशियाचे आरमार बुडवल्यावर. त्या काळी जहाज पाण्यात उतरले की बँड वाजे, शाळेला सुटी मिळे, मोची म्हणजे तांदळाचे लाल-पांढरे लाडू वाटले जात. पुढे कोणी किती जहाजे बाळगावीत याचा परदेशात करार झाला, कामगार घरी बसले आणि दुसऱ्या हौदात मी मुळे खारवले. करार मोडीत निघाला. मुळे काढले, तिसरा हौद खणला. आता तिन्हींत उभे राहायला जागा नसते, बँड मात्र कुठेच वाजत नाही. इतकी माणसे रोज इतकी मळून येतात आणि कशानेच मळलेली नसतात, हे पाहून धास्ती वाटते. पण ती कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून सोडून देतो.

कलम दुसरे. माझी तडा गेलेली बादली टोफूवाले निशिगाकी यांना द्यावी. गेली कित्येक वर्षे ते माझ्या हौदात बसून गातात. यापुढे बादली डोक्यावर पालथी घालून गावे, म्हणजे आवाज घरच्या घरी राहील.

कलम तिसरे. कलम पहिले लागू होण्यास एक अट आहे. इतोएने साकुझो निइमी याच्याशी लग्न करू नये. मुलगा दिसायला नीटस, शेतकऱ्याचा तिसरा मुलगा, म्हणजे घरजावई व्हायला मोकळा. दारूचा वास नाही, अंग घासून मगच हौदात उतरतो. पण मी त्याला रीतसर विचारले तेव्हा झालेले बोलणे जसेच्या तसे देतो.

"काम काय करता?"

"सांगता येत नाही, मालक."

"बरं, कुठे करता?"

"समोर."

"समोर काय आहे?"

"काही नाही."

"मग काही नाही तिथे दोन वर्षं काय करताय?"

"जादा वेळ," तो म्हणाला आणि लाजला.

तरीही माझी थोरली बहीण कुमेताई त्याची माहिती काढायला गेली, कारण हे स्थळ तिनेच आणलेले. रीतीप्रमाणे तिने त्याच्या खोलीच्या आसपास चौकशी केली: कामावर किती वाजता जातो, बरोबर माणसे किती, काम अजून किती वर्षे पुरेल. चौथ्या दारापाशी तिला हेर म्हणून धरले. ठाण्यात ओबाता हवालदारांनी उलटतपासणी केली, आणि बाहेर येताना ती हवालदारांच्या मेहुणीसाठी दोन स्थळे सुचवून आली.

"तोमे, मुलगा सोन्यासारखा आहे," ती मला म्हणाली.

"कळलं काय त्याच्याबद्दल?"

"काहीसुद्धा कळलं नाही. असा जावई कुठे मिळतो? उद्या घरातली भांडणं तरी बाहेर जातील का?"

माझे मत बदलले नाही. ज्याचा धंदा सांगता येत नाही त्याला मी हौद देणार नाही आणि मुलगी तर नाहीच नाही.

येथवर लिहिले तेव्हा इतोए चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागली. कलम तिसरे वाचून तिने चहा माझ्यापासून लांब ठेवला.

"बाबा, पट्टी कशासाठी?"

"समोरचं दिसू नये म्हणून."

"आणि ज्याला ते रोजच दिसतं, त्याला कशाला पट्टी?"

मी चहाकडे हात नेला. तिने तो आणखी लांब सरकवला. मग म्हणाली, "तुम्ही पडलात तर मी हा कागद पहिल्यांदा भट्टीत घालीन. हौद नकोत मला. तुम्ही हवे आहात. आणि तोही."

ओबाता हवालदारांना बोलावले. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. "साकुझो गुप्ततेची शपथ घेतलेला माणूस. त्याने बघितलं तर हरकत नाही. पण तोडग्यात 'घरचा माणूस' म्हटलंय. तो घरचा आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"अजून नाही," दाराआडून कुमेताई म्हणाली. तिच्या हातात साकेची बाटली आणि लग्नविधीचे तिन्ही पेले तयार होते.

कलम चौथे. कलम तिसरे रद्द समजावे.

रात्र उलटली. लग्न आज सकाळी, स्नानगृह उघडण्याआधी, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत झाले. तीन पेले, तीन-तीन घोट. निशिगाकी गायले. त्यांना कलम दुसऱ्यातील बादली मी हयातीतच देऊन टाकली. कुमेताई नोंदणीला धावली. कारकुनाने नवरदेवाचा धंदा विचारला, तेव्हा तिने ठामपणे "जादा वेळ" असे सांगितले, आणि तो ते लिहून मोकळा झाला.

कलम पाचवे. स्नानगृह इतोए व तिचा नवरा साकुझो (घरजावई झाल्याने आता हिराओका) या दोघांना मिळावे. हे कलम मी अंगणात पालथ्या घंगाळावर कागद ठेवून लिहीत आहे. जावई वर आहे. पायऱ्या डोंगराच्या बाजूने असल्यामुळे टोकाला डोके निघाले की समुद्र थेट तोंडासमोर येतो. इतोए खाली उभी आहे आणि तिने माझी बाही घट्ट धरली आहे, त्यामुळे अक्षर वाकडे येते. काजळी आम्हा सगळ्यांवर पडत आहे. हवालदार पडद्यांकडे पाठ करून उभे आहेत.

मध्येच ब्रशाचा आवाज थांबला. समोर तो रोज त्या काही नसलेल्याच्या पोटाखाली वाकून हातभर पोलाद बघतो. अख्खे त्याने आजच पाहिले असावे.

"काय दिसतंय रे?" मी ओरडून विचारले.

उत्तर यायला वेळ लागला. काही नसलेले बघायला इतका वेळ लागत नाही.

"काही नाही, बाबा."

मी पुन्हा विचारले नाही. ब्रश पुन्हा चालू झाला.

कलम सहावे. चौथा हौद खणू नये. असलेल्या तिन्हींतली माणसे रोज मोजावीत, कोणी कमी झाले का ते पाहावे.

येणेप्रमाणे लिहिले ते राजीखुशीने, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

ठिकाण: कुरे. शोवा चौदावे वर्ष (इसवी सन १९३९), नोव्हेंबर महिन्याची नऊ तारीख.

सही व शिक्का: तोमेकिची हिराओका

साक्षीदार पहिले: इवामात्सु निशिगाकी, टोफूवाले. बादली आधीच पदरात पडल्याने साक्षीस पात्र.

साक्षीदार दुसरे: ओबाता, हवालदार. वरील सही माझ्यासमोर झाली. याखेरीज मी काहीही पाहिलेले नाही.