कागदावर आहे तेवढंच

८ ऑक्टोबर १९७३, सोमवार

सगळ्यांत आधी आली ती मंगला! मागून भटू, त्याच्यामागून आणखी चौघं — दारात चपलांचा ढीग. आमच्या सूनबाईच्या, रजनीच्या, वर्गातली पोरं ही. ती इथल्या मराठी शाळेत चौथीला शिकवते. निबंध म्हटला की सगळी फळ्यावरचा उतरवतात. सगळ्यांची गाय पांढरी, सगळ्यांची गरीब! म्हणून शाळा सुटली की त्यांना घरी आणून लिहायला शिकवणार म्हणे. मला विचारलं कुणी? मुरमुरे मात्र मीच भिजवले. ही वहीसुद्धा तिनेच दिली — दुसरी शिकलेल्या सासूला गृहपाठ!

मंगला कोरा कागद घेऊन बसून राहते. तिचा बाप लोटू कापडाच्या मागावर कामाला. "चार ओळी लिहिता येत नाहीत, दिवाळीपासून मागाच्या कांड्यांवर सूत भरायला बसवतो," असं रजनीला सांगून गेलाय. दहा वर्षांची पोर! रजनी आज नीट जेवली नाही.

१० ऑक्टोबर

आज हसून हसून पोट दुखलं. भाकरी कशी करायची ते पोरांनी लिहायचं आणि मी कागदावर आहे तेवढंच करायचं — ही सूनबाईची युक्ती. भटूने लिहिलं, "पीठ घ्या. भाकरी करा. खा." घेतलं पीठ, कोरडंच टाकलं तव्यावर. धूर! "बा, बळी गयुं!" भटू इथल्या गुजरातीत ओरडला — जळलं म्हणे! मग लिहिलं, "पाणी घाला." किती, ते नाही. ओतला अख्खा तांब्या! पोरं जमिनीवर लोळायला लागली.

मंगला मात्र चिडली. "आजी, तुम्हाला भाकरी येत नाही का?"

"मला येते गं. कागदाला येत नाही."

तिने भटूची पेन्सिलच हिसकावली. दीड पान! "हाताला चिकटलं तर आई रागावते, म्हणून आधी कोरडं पीठ लावा" — हेसुद्धा. तसंच केलं. टम्म फुगली. अर्धी भटूनेच खाल्ली, लबाड.

१२ ऑक्टोबर

पीठ संपलं. सूनबाईला म्हटलं, दळण आता शाळेकडून मागव!

१५ ऑक्टोबर

मंगलाने आज आपणहून लिहून आणलं — बाबा मागावर तुटलेला धागा कसा सांधतात. मी दोरा घेऊन बसले, लिहिल्याप्रमाणे गाठ मारली. ओढली की सुटते. चारदा! चष्मा पुसला, तरी सुटते. "बाबांना विचारते," म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

लोटू आला! मुलीचं नाव शाळेतून काढायचं सांगायलाच आला असणार. दारातच उभा. रजनीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "बस रे बाबा. मागाचं कळतं ना तुला? मग ऐक."

मंगला वाचायला लागली. हळूहळू त्याचे हात हलायला लागले — हवेतच, जणू समोर माग आहे. आणि एकदम ओरडला, "डावा हात राही गया ना बेटा!"

"डावा काय करतो, बाबा?"

तो सांगत गेला, ती लिहीत गेली. डाव्या अंगठ्याने टोक दाबून धरायचं — एवढंच राहिलं होतं! मी गाठ मारली. ओढली. नाही सुटली!

लोटूने कागद हातात घेतला. उलटा. मी सुलटा करून दिला. शाळेतून नाव काढायचा विषय त्याने काढलाच नाही. नाही काढत, असंही म्हणाला नाही. कागद खिशात घालून गेला.

२० ऑक्टोबर, शनिवार

लोटू परत आला, बरोबर कारखान्यातले दोघे — डोक्याला तेल चोपडून! गावाकडचं पत्र आता दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही म्हणतात. रजनी लगेच खडू शोधायला उठली. तर लोटू म्हणतो, "तुम्ही बसा, बाई. आम्हाला मंगला शिकवेल."

"आणि कांड्या?" मी विचारलं.

"मास्तरीण कुठे कांड्या भरते का, आई!"

उद्या रविवारी सकाळी आठला येतो म्हणालेत. दळण आणायला हवं.