आईच्या मानेवरचा गाळ

बाबा, परवा तुमच्यामागे बंदच असलेल्या फोटो स्टुडिओचं शटर उघडलं. आत तुमचं लोखंडी कपाट आणि त्या तपकिरी बाटल्या तेवढ्या उरल्या आहेत. एका बाटलीच्या तळाशी राखाडी गाळ वाळून बसलाय. ती उचलताना माझा हात आपोआप सावकाश झाला. तुमचं ओरडणं अजून हातात आहे.

लग्नसराईत तुम्ही फिल्म धुवायचं एकच डेव्हलपर पुन्हा पुन्हा वापरायचात. रोल धुतला की ते कापसाच्या बोळ्यातून गाळून परत बाटलीत. तरी फिल्ममधली चांदी थोडी थोडी सुटून तळाशी जमायचीच. बाटली हलली की चांदीचे कण फिल्मला चिकटणार, आणि कण चिकटला तिथे फोटोत पांढरा ठिपका येणार. हे मला ठाऊक नव्हतं. एका दुपारी तुम्हाला मदत म्हणून मी ती बाटली औषधासारखी खळाखळा हलवून ठेवली. रोल बाहेर काढल्यावर तुम्ही ओरडलात, "काय करून ठेवलं वं हे! गाळ उठवला ना सारा!"

मग नवरीचा काका फोटो घेऊन आला. "भाऊ, पोरीच्या गालावर हे काय उठवलं? सासरचे पायतीन तर कोड म्हनतीन ना!"

"कोड नाही जी, गाळ आहे. बसा, चहा घ्या. आत्ता भरून देतो."

"मंग माह्या टकलावर बी थोडे केस भरा," काका म्हणाला, आणि तुम्ही दोघं हसलात. त्याच्यासमोर बारीक ब्रश ओला करून तुम्ही एकेक ठिपका शाईनं मिटवलात. तो गेल्यावर ब्रश माझ्या हाती दिलात. रागावल्यावर असंच काहीतरी द्यायचात तुम्ही. मला शिकवताना सांगितलंत की गाळ ओळखायला सोपा असतो. तो एका फोटोत गालावर असेल तर पुढच्यात आकाशात, कारण त्याला माणसाशी काही घेणंदेणं नसतं. माझ्या कंपासमध्ये आईचा एक लहान फोटो असायचा. तिच्या कानामागून मानेवर उतरलेला पांढरेपणा दाखवून मी विचारलं, "हा पण गाळच का, बाबा?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हो. गाळच." आणि तो फोटोही भरून टाकलात. मी चालायला लागायच्या आत आई गेली होती. माझ्यासाठी ती भिंतीवरच्या फोटोतलीच, स्वच्छ मानेची.

आता माझ्या मुलीच्या ओठाजवळ पांढरा डाग आलाय. नववीत आहे ती. गाडीवर नसली तरी तोंडाला स्कार्फ बांधून फिरते, ऐन मे महिन्यात, पांढुर्ण्यात. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी ठामपणे नाही म्हटलं. परतीच्या गाडीत, तिगाव स्टेशन मागे पडल्यावर, ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मग मलेच काहून, आई? मीच काय केलं?" घरी येऊन भिंतीवरच्या आईकडे बघताना कंपासमधल्या फोटोतला तो पांढरेपणा आठवला, आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडलं.

कपाटात निगेटिव्हची पट्टी सापडली. सौंसरच्या बगीच्यातली, संत्र्याच्या झाडाखाली उभी असलेली आई, तीनदा. खिडकीशी धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं; मानेवरचा तो भाग गडद दिसतो, कडा मऊ, तिन्हीत त्याच जागी. एकात तिनं मान वळवली आहे, तर डागही तिच्याबरोबर वळलाय. गाळ असा वळत नाही, बाबा. तुम्हीच शिकवलं होतं.

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. तुम्ही ते माझ्यासाठी केलं असणार. माझ्या लग्नाच्या वेळी "मायले कोड होतं" असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि भिंतीवरच्या, तसाच भरलेल्या फोटोखाली मी बघायला आलेल्या पाहुण्यांना चहा दिला. हे सगळं समजतं, तरी राग जात नाही. आईनं त्या पट्टीत पदर ओढून घेतलेला नाही. केस वर बांधलेत, मान उघडी आहे, आणि कॅमेऱ्यामागच्या तुमच्याकडे बघून ती हसते आहे. तिला कुठे काय झाकायचं होतं? तुम्ही तिच्यावर नाही, तिच्या मागे उरलेल्या माझ्यावर ब्रश चालवत होतात का?

काल लेकीला घेऊन सौंसरला गेले. बसस्टँडजवळ एक बाई अजून निगेटिव्हचे फोटो करून देते. वाटेत मुलीला सगळं सांगितलं. दुकानात ती स्कार्फ सोडून बाईच्या खुर्चीमागे उभी राहिली. स्क्रीनवर आई मोठी होत होत आली, मानेसकट. मुलगी वाकून बघायला लागली, आणि नकळत तिचं बोट आपल्या ओठाजवळ गेलं.

"ताई, हा डाग काढून देऊ का?" बाईनं विचारलं. "एका मिनिटाचं काम आहे."

नको म्हटलं मी. आहे तसाच फोटो आणला, भिंतीवर लावलाही. पण तुमच्याकडून हे कुठे जायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते, बाबा. मी लगेच नको म्हटलं नाही. आणि तेवढा वेळ लेक स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होती.