गिअरबॉक्स मात्र उत्तम आहे

२ जून, सकाळ

गाडी आली. नवा गिअरबॉक्स बसवून. घराचा रंग आणि सुट्टीतली सहल, दोन्ही त्या गिअरबॉक्समध्ये गेलं. पण गेलं म्हणजे वाया गेलं नाही, हे बायकोला पुन्हा समजावलं. ही म्हणाली, भिंतीचे पोपडे पडतायत, त्यांनाही समजावा. दुर्लक्ष केलं.

खर्चाला कारण भक्कम आहे. कन्येला नोकरी लागली. गावोगाव फिरून पाण्याचे नमुने गोळा करायचे, लॅबमध्ये आणून द्यायचे. कंपनी गाडी देणार. अट एकच: रुजू होण्याआधी लायसन्स पाहिजे. शिकाऊ लायसन्स काढलंय, परीक्षा २६ तारखेला. नापास झाली तर जागा दुसऱ्याला.

ही म्हणाली, ड्रायव्हिंग स्कूलला घालू या. मी हसलो. घरात मी असताना?

संकल्प: कन्येला मी शिकवणार. स्वतः. ह्याच गाडीत. इतकी वर्षं चालवतोय, गाडीवर एक ओरखडा नाही. (मागचा बंपर सोडून. तो खांब चुकीच्या जागी होता.)

२ जून, संध्याकाळ

चक्कर मारून आलो. गिअर लोण्यासारखे पडतात. पैसे वसूल.

डावीकडे वळताना हॉर्न वाजतो. आपोआप. चाक सरळ झालं की थांबतो. उजवीकडे वळताना अजिबात वाजत नाही. म्हणजे निम्मा प्रश्न मुळात नाहीच.

३ जून

गॅरेजमध्ये गेलो. ह्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि आता तोही तसाच बोलतो. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, शरीरात नवा अवयव बसवला की बाकीचे अवयव काही दिवस कुरकुर करतात. गाडीला रुळू द्या. किती दिवस, विचारलं. म्हणाला, ते गाडीच्या स्वभावावर आहे.

माझ्या गाडीचा स्वभाव चांगलाच आहे. काळजी मिटली.

५ जून

पहिला धडा. शाळेमागचं मैदान. कन्या स्टिअरिंगवर बसली आणि चावीला हात घातला. म्हटलं, थांब. आधी क्लच म्हणजे काय ते समजून घे. क्लच नव्हता तेव्हा लोक काय करायचे, मग तो कसा आला, त्यात कायकाय सुधारणा झाल्या. क्लच पूर्ण होईपर्यंत दिवस मावळला. गाडी सुरू करायची राहिली. पण पाया पक्का झाला.

घरी येताना कन्या खिडकीबाहेर बघत होती. विचार करत असणार.

७ जून

इंजिन तापलं की रिव्हर्स पडत नाही. डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, साहेब, खरं सांगा, माणसाला रिव्हर्स असा लागतो किती?

प्रश्नात दम आहे. विचार केला. फार नाही लागत. सकाळी इंजिन थंड असतं तेव्हा पार्किंगमधून मागे येता येतं. दिवसभर माणसाने पुढेच जावं.

फक्त आज किराणा दुकानासमोर नाक भिंतीला लावून उभी केली होती. ही आणि कन्या, दोघींनी मिळून मागे ढकलली. तळमजल्यावरचे आजोबा तिथे साबण घ्यायला आले होते, त्यांनीही हात लावला. ढकलता ढकलता विचारलं, गिअरबॉक्स बसवलाय की काढलाय? म्हातारपणी माणूस खोचक होतो.

पुढचे गिअर मात्र उत्तम.

९ जून

ऑफिसला जाताना डावीकडचं वळण हॉस्पिटलला लागून आहे. तिथे हॉर्नला बंदी. परवा गार्ड काठी घेऊन धावला होता. त्यावर उपाय काढला, आणि तो इतका साधा आहे की अजून कोणाला सुचला कसा नाही, ह्याचंच आश्चर्य वाटतं. एकदा डावीकडे वळायचं तर तीनदा उजवीकडे वळायचं. माणूस त्याच दिशेला येतो.

आज संपूर्ण उजवा प्रवास केला. शहराचे किती तरी नवे भाग कळले. एक चांगला शिंपीही सापडला.

ऑफिसला पोचायला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं. कागदावर नकाशा काढून दाखवला. त्यांनी तो घडी घालून परत दिला. मग म्हणाले, पुढच्या वेळी हा नकाशा रजेच्या अर्जाला जोडा.

१२ जून

आनंदाची गोष्ट. ही आणि कन्या चार दिवसांपासून रोज सकाळी फिरायला जातात. रविवारी चहा पिताना मी व्यायामावर चार शब्द बोललो होतो, त्याचा परिणाम. दोघी परत येतात तेव्हा चेहरे फुललेले असतात. स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजतात, हसतात. मी गेलो की गप्प होतात. आदर असतो.

हिचा डावा पाय दुखतो म्हणे. फक्त डावाच. बूट बदल, असं सांगितलं.

१४ जून

दुसरा धडा. मैदानात डावीकडे वळायला शिकवणं शक्य नाही. मागच्या खेपेला नुसतं स्टिअरिंग फिरवून दाखवलं तर शाळेतली पोरं खिडक्यांना लटकली. म्हणून आज धडा घरीच. डायनिंग टेबल म्हणजे गाडी. मोठ्या पातेल्याचं झाकण म्हणजे स्टिअरिंग. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत उभा केलेला डाव म्हणजे गिअर. मी शेजारच्या खुर्चीत.

कन्येने वळण फार सुरेख घेतलं. वळण्याआधी तिने उजव्या हाताला हवेत पाहिलं. विचारलं तर म्हणाली, आरसा. आरसा मी अजून शिकवलाच नव्हता! अंगात उपजतच असावं लागतं. कोणाकडून आलं, ते सांगायची गरज नाही.

ही भाजी निवडत होती. बरणीकडे बघून म्हणाली, तिसरा टाकायच्या आधी क्लच दाब गं. मी हिच्याकडे पाहिलं. ऐकून ऐकून बायकांनाही कळायला लागतं.

१७ जून

ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. पलीकडच्या सीटवर सरकून उतरावं लागतं. डॉक्टर म्हणाला, दाराचा गिअरबॉक्सशी काहीही संबंध नाही. हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष.

ऑफिसच्या वॉचमनने मला डावीकडून उतरताना पाहिलं आणि गाडीत वाकून ड्रायव्हरला शोधत राहिला.

२० जून

संध्याकाळी कन्या गॅलरीत येऊन शेजारी बसली. म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच वाटतं मी पास होईन? म्हटलं, माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी नापास कशी होईल. ती खाली बघून नखाशी खेळत राहिली. काहीतरी सांगायचं होतं तिला. मग नुसतीच थोपटून गेली माझी पाठ.

ती गेल्यावर मात्र परीक्षेला उरलेले दिवस मोजले. नोकरी तिला फार हवी आहे. पत्र आलं त्या दिवशी जिन्यातच उड्या मारत होती, एक चप्पल खाली पडली तरी तिला कळलं नाही. आजवर तिने प्रत्यक्ष गाडी एक इंचही चालवलेली नाही. माझ्यामुळे ही नोकरी गेली तर? ह्या हॉर्नपायी? हे मनात आलं आणि चहा गोड लागेना.

संकल्प: उद्यापासून रोज मैदान. हॉर्न वाजला तर वाजला. पोरं लटकली तर लटकली.

२१ जून

मैदान रद्द. बॅटरी उतरली. डॉक्टर म्हणतो, कुरकुर आता बॅटरीपर्यंत आली म्हणजे उतरणीला लागली.

कन्येला गाडीत नुसतं बसवून घाट कसा चढायचा ते तोंडी सांगितलं. ती जांभया देत होती. सकाळी फार चालतात दोघी.

२५ जून

उद्या परीक्षा. बॅटरी चार्ज होऊन आली. परीक्षेच्या मैदानापर्यंतचा उजवा मार्ग काढला. कन्या म्हणाली, मी आणि आई बसने पुढे जातो, तिथे रांग असते. तुम्ही गाडी सावकाश आणा. अगदी सावकाश आणा, असं हीसुद्धा म्हणाली. माझी किती काळजी.

संकल्प: लवकर निघायचं. गाडीवर पाण्याचा हात मारायचा. परीक्षा घेणाऱ्या साहेबांवर छाप पडली पाहिजे.

२६ जून, दुपार

सविस्तर लिहितो. मन शांत व्हावं म्हणून.

वेळेवर निघालो. मोठा रस्ता खणून ठेवला होता. जिथे तिथे पाटी: उजवीकडे वळू नये. असा कुठे रस्ता असतो? मी सरळ जात राहिलो, जिथे मिळालं तिथे उजवीकडे वळलो, आणि बघतो तो काय, आमचीच बिल्डिंग. गेटवर आजोबा. त्यांनी हात हलवला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बिल्डिंग. ह्या खेपेला आजोबा पाण्याची बाटली घेऊन उभे होते.

शेवटी मैदान सापडलं. आत जायचं गेट डावीकडे, बाहेर यायचं उजवीकडे. म्हणून बाहेर यायच्या गेटने आत गेलो. चुन्याने आखलेल्या अरुंद वळणावर समोरून एक गाडी आली. डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. मी रिव्हर्स टाकला. पडला नाही. इंजिन तापलं होतं, त्याचा काय दोष.

मग समोरच्या काचेतून नीट पाहिलं. स्टिअरिंगवर ही.

शेजारी परीक्षेचे साहेब. आधी वाटलं, कन्येसाठी जागा धरून बसली असेल. हिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग आरशात पाहिलं, मान वळवली, आणि ते सगळं वळण मागच्या मागे घेतलं. एकही रेघ न पुसता. गाडी बाजूला लावून हॅन्डब्रेक ओढला. साहेबांनी तिथल्या तिथे पास म्हणून लिहिलं.

कन्या मी पोचायच्या आधीच पास होऊन झाडाखाली उभी होती. धावत आली. रडत होती आणि हसत होती. म्हणाली, बाबा, सांगणार होतो, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आईनेही माझ्याबरोबरच शिकाऊ लायसन्स काढलं होतं. आम्ही फिरायला जात नव्हतो.

तिला जवळ घेतलं. फार फार बरं वाटलं, नोकरी वाचली. मग वाईटही वाटलं, पण ते नंतर.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर भेटले. म्हणाले, ताई तयारीच्या, पण वहिनींचा हात काय आहे! मी म्हटलं, पाया माझा. ते म्हणाले, हो, क्लचचा इतिहास ताईंना तोंडपाठ होता. तो विसरायला लावण्यातच पहिला दिवस गेला.

तेवढ्यात परीक्षेचे साहेब माझ्या खिडकीशी आले. उतरा म्हणाले. मी पलीकडच्या दाराने उतरलो. तेही त्यांनी लिहून घेतलं. लायसन्स मागितलं. दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि मला परत दाखवलं. मुदत केव्हाच संपली होती. पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा परीक्षा.

गाडी हिने घरी आणली. मी मागे. चौकात मी सांगत होतो, इथून पुढे जाऊन उजवीकडे, मग उजवीकडे. ही डावीकडे वळली. हॉर्न वळणभर बोंबलला, माणसं बाजूला झाली, आणि आम्ही घरी. मैदान इतकं जवळ आहे, हे माहीत नव्हतं.

२८ जून

ही गाडी दुसऱ्याच गॅरेजमध्ये घेऊन गेली. तिथला माणूस म्हणाला म्हणे, गिअरबॉक्स उघडून बघावा लागेल. ह्याला काही कळत नाही.

शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरला. परीक्षा सोपीच असते. तयारीची गरज नाही.

१ जुलै

कन्येचा पहिला दिवस. कंपनीची गाडी गेटशी. पांढरी, छोटी, चकचकीत. म्हणाली, बाबा, चला, ऑफिस वाटेवरच आहे, सोडते. शेजारी बसलो. वाटेत सांगायच्या सूचना मनात जुळवून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, बेल्ट. माझाच राहिला होता. तो लावला, सूचना राहून गेल्या. चालवते छान. ब्रेक मारलेला कळतही नाही.

ऑफिससमोर उतरवलं. काच खाली करून म्हणाली, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडा. संध्याकाळी बसने या. पोचलात की फोन करा. बरं म्हटलं. मी आत जाईपर्यंत ती तिथेच थांबून होती.

संध्याकाळी बसने आलो. उभ्याने. पोचल्यावर फोन केला. तिने उचलला नाही. गाडी चालवत असणार. चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिला बरोबर शिकवलंय कोणीतरी.