वकीलकाकांच्या गाडीचं झाकण

६ नोव्हेंबर, दुपारी, गॅरेजमधून

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. म्हणजे बहुतेक. फोन केला की तू "कामात आहे गं ठमे" म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. वहिनीला नमस्कार सांग. आमची चिमी चौथीत गेली. तोंड हॉर्नसारखं चालतं, तेव्हा कुणावर गेलीय ते सांगायला नको.

सध्या वकीलकाकांची ती लांब नाकाची जुनी गाडी माझ्याकडे आली आहे. तिचे वायपर इतर गाड्यांसारखे उघड्यावर नसतात, काचेपुढच्या एका पत्र्याच्या झाकणाखाली लपलेले असतात. इंजिन हवा आत खेचतं, त्या ओढीच्या जोरावर हे झाकण हलतं. बटण दाबलं की झाकण वर होतं आणि मगच वायपर फिरतात. बटण बंद केलं की वायपर आत जातात आणि झाकण खाली बसतं. काचेवरचं पाणी पुसायला एवढा थाट! तर ते झाकण उघडेना.

आबांनी शिकवलं होतं तसंच मी केलं. इंजिन चालू ठेवायचं, एकेक नळी काढायची आणि तिच्या तोंडावर उजव्या हाताचा अंगठा ठेवायचा. नळीत ओढ असेल तर कातडी आत खेचली जाते. मीटर लावलेलं आबांना खपायचं नाही. "मीटर खोटं बोलेल, अंगठा नाही बोलणार," हे तूही हजारदा ऐकलं आहेस.

पहिल्या नळीला ओढ नव्हती. ती बदलली, तरी नाही. व्हॉल्व्ह खोलून धुतला, शेवटी नवा मागवला. झाकण ढकलणारी रबरी पडद्याची डबी असते, तीही नवी बसवली. अंगठ्याला काही म्हणजे काही लागेना. काका रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "ठमे, तुझ्या बापाने हे एका दुपारी उरकलं असतं." मी दात काढून हसायचे आणि आतून पेटायचे.

परवा शाळा सुटल्यावर आमचा मास्तर चहा घेऊन गॅरेजमध्ये आला. नवऱ्याला गाडीतलं शष्प कळत नाही, तुला माहीतच आहे. त्याने गंमत म्हणून खिशातल्या कागदाचा कपटा नळीच्या तोंडाशी धरला. तो टप्पकन चिकटला.

"ठमे, ही तर झक्कास ओढतेय!"

"काहीतरी बोलू नकोस," म्हणत मी अंगठा लावला. काही नाही. मग त्याने माझा डावा हात धरला आणि तो अंगठा नळीवर ठेवला. दादा, तो आत खेचला गेला, लहान बाळ बोट चोखतं तसा.

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. नळ्या ठणठणीत होत्या. मी मास्तरला म्हटलं, "हात गार पडलाय रे," आणि विषय बदलला. त्यानंतर डाव्या हाताने तपासत गेले तर बिघाड पाच मिनिटांत सापडला. झाकणाची बिजागरी गंजून जाम झाली होती, बस. तेल सोडलं, हलवून मोकळी केली आणि झाकण ऐटीत वर आलं. गाडी झाली म्हणून कळवायला पत्र लिहितेय, असं मी स्वतःला सकाळपासून सांगते आहे.

पण पुढे झालं ते लिहायलाच हवं. अक्षर वेडंवाकडं का, हेही त्यातच आलं; डाव्या हाताने लिहितेय. बॉनेट लावून आम्ही शेवटची तपासणी करत होतो. मास्तर आत बसून बटण दाबत होता, मी बाहेर वाकून डावीकडची बिजागरी बघत होते. मीच म्हटलं, "बंद कर." झाकण खाली आलं. आतून मास्तर किंचाळला, "हात! अगं, हात!"

मी विचारलं, "कुणाचा?"

माझाच होता. उजव्या हाताची तीन बोटं पत्र्याखाली चेपली होती, रक्त काचेवरून ओघळत होतं, आणि मी मान वर करून विचारत होते, कुणाचा. मास्तरने बटण दाबून झाकण वर केलं. तो बोटांना फडकं बांधत होता तेव्हा मला एकाएकी कापरं भरलं. दुखत नव्हतं म्हणून. दादा, मी इतकी कधी घाबरले नव्हते, आई गेली तेव्हाही नाही.

तुला आबांचा हात आठवतो ना? तापलेल्या सायलेन्सरवर टेकलेला, आणि करपल्याचा वास आल्यावर त्यांनी खाली बघितलेलं? आपण दोघंही तिथेच उभे होतो. पुढे त्यांच्या हातून पाना निसटायला लागला, आणि मग शर्टाची बटणं आई लावायची. तू त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलास. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणालास, "काही नाही गं, वयाचं आहे." मी मानलं. आबा तेव्हा पन्नाशीचेसुद्धा नव्हते.

त्यानंतर महिन्याभरात तू गॅरेज सोडून ऑफिसात लागलास. मला वाटायचं, तुला काळ्या हातांची लाज वाटते. मग तुमचं लग्न झालं. वहिनीला पोरांचा इतका लळा, चिमीला मांडीवरून उतरू देत नाही. तरी तुम्ही "आम्हाला मूल नको" म्हणालात आणि कारण कधी सांगितलं नाहीत. या गोष्टी मी आजवर वेगवेगळ्या धरून बसले होते. परवापासून त्या एकीशेजारी एक येऊन बसल्या आहेत आणि मला जेवण जात नाही.

सकाळी चिमी शाळेच्या शर्टाची बटणं लावते तेव्हा मी तिच्या बोटांकडे टक लावून बसते. एक बटण चुकलं की तिला ते पुन्हा लावायला सांगते. पोरं बटणं चुकवतातच, हे मलाही कळतं. काल ती म्हणाली, "आई, अशी काय बघतेस? माझ्या हाताला काही झालंय का?" मी तिला जवळ घेतलं आणि उरलेली बटणं मीच लावली.

मागच्या वेळी तू आलास तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होतास. "थंडी वाजते की काय साहेबांना?" म्हणून मी चिडवलं. तू हसलास आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठलास. उरलेला मी मोरीत ओतला.

पुढच्या आठवड्यात मास्तर मला नसांच्या डॉक्टरांकडे नेतोय. ते पहिलं हेच विचारतील, घरात आणखी कुणाला आहे का. आबांचं मी सांगेन. त्यांच्यानंतर आणखी कुणाचं नाव सांगायचं का, ते तू मला त्याआधी कळव. चिमीसाठी तरी खरं लिही. आणि "काही नाही गं" एवढंच म्हणायचं असेल तर लिहू नकोस, इथे ये आणि माझा हात हातात धरून म्हण.

तुझ्या "नाही"साठी देव पाण्यात घालून बसलेली,
ठमी