धसईच्या वळणावरचे वाल

ती. दाजींस, ज्ञानेश्वरचा दुरूनच पाय धरून नमस्कार.

भातसानगरला तुम्ही आणि ताई सुखरूप असालच. बीपीची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या, मग पुढचं वाचा.

धसईच्या माळावर गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक झाला, तिथे मी वॉचमन आहे (तुमची लेक मनस्वी तिथल्या ऑफिसात लागली, तिनेच माझी वर्णी लावली). ट्रॅक म्हणजे लांबलचक सरळ रस्ता आणि शेवटी कोपरासारखं वळण. वळणाच्या आतून लाल-पांढऱ्या कडा, बाहेर गुळगुळीत डांबरी पटांगण, त्यापलीकडे टायरांची भिंत. इंजिनिअर म्हणाला, गाडी वळली नाही तर तिला सावरायला ही जागा. एरवी इथे कोणी येत नाही. माझ्या जिभेला हाड नाही. हे मी घरी बायकोला, देवकीला सांगितलं आणि तिने दुसऱ्याच दिवशी तिथे मळणीसाठी वालाच्या शेंगा वाळत घातल्या. असं खळं अख्ख्या मुरबाड तालुक्यात नाही, हे मात्र खरं.

काल अचानक गाडीची चाचणी निघाली. मी धावत पोचलो तेव्हा सरळ रस्त्यावर आवाज चढत होता आणि देवकी पटांगणात बसून वाल पाखडत होती. ऊठ म्हटलं, तर म्हणते, "इथं कोन येत नाय, तुमीच सांगितलं ना?" दाजी, वाळल्या वालांवर माणसाचा पाय ठरत नाही, तिथे गाडी कशी थांबायची? झेंडेवाल्या सोमाच्या हातातला पिवळा झेंडा (म्हणजे पुढे धोका) हिसकावला आणि हलवत सुटलो. गाडी मंदावली, तरी वळणावर घसरलीच. पटांगणात शिरली, वालांवर गिरकी घेतली आणि टायरांना टेकून थांबली, देवकीच्या सुपापासून हातभर. मला रडू आलं, लपवत नाही.

देवकी उठली, शेंगा बघितल्या आणि गाडीला म्हणाली, "बऱ्या फुटल्यात. आता या बाजूनंपन फिरव गो."

ताईस नमस्कार. कळावे,
ज्ञानेश्वर

ता. क. वाल सोबत पाठवले आहेत. टायरचा वास येतो, दोनदा धुवा.

आणखी ता. क. मनस्वी ऑफिसात नाही. गाडीत तीच होती. हेल्मेट काढून पहिलं एवढंच बोलली, "मामा, बाबांना तुमीच सांगा." रविवारी तिची पहिली शर्यत आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा. चुकल्या गाडीलासुद्धा तिथे मोकळी जागा ठेवतात, आपण पोरीला तेवढी ठेवू. तुम्ही या. वाल सगळे वेचलेत, तरी ताईलाही आणा, दोन डोळे जास्त असलेले बरे.